खाऱ्या रेतीतली विवरं

जुलैतला पणजीचा पाऊस, प्रयोगशाळेत पोलादी गोळा रेतीत सोडून विवरं मोजणं चाललेलं. गोळा २५ मिलिमीटरचा, साधारण ६४ ग्रॅमचा. एक मीटरवरून पडला की रेतीला भिडताना वेग सेकंदाला ४.४ मीटर. झाकणबंद डब्यातल्या रेतीत विवरं ९ ते ९.५ सेंटिमीटर येत होती. डबा संपला, रात्रभर उघड्या राहिलेल्या ट्रेमधली रेती घेतली, तर विवर साडेसहाच! कडा सुरीने कापल्यासारख्या उभ्या.

पहिला संशय रेती भरण्यावर. ती चाळणीतून सोडायची, पट्टी नुसती फिरवून सपाट करायची. दाबली किंवा ट्रे आपटला की विवर लहान येतं. पुन्हा भरली, फरक शून्य. गोळा वर धरून सोडणारा इलेक्ट्रोमॅग्नेटही तपासला. गोळा चुंबकाला चिकटून उशिरा सुटू नये म्हणून मध्ये कागदाचा तुकडा असतो, तो जागेवर होता.

उत्तर मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये दिसलं. कोरड्या रेतीत उडालेल्या कणांचा पडदा उलट्या शंकूसारखा पसरतो. इथे ढेकळं उडत होती. कण कुठे उडाले ते दिसावं म्हणून वर भुरभुरलेल्या लाल रांगोळीचे पट्टेही तुटक. शंभर ग्रॅम रेती ११० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवली, ९९.३ भरली.

रेती किनाऱ्यावरची, न धुतलेली. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं होतं तेच तिचं झालं होतं. एवढ्याशा ओलीनेही कण एकमेकांना धरतात. कोरड्या रेतीत विवराची वाढ मुख्यतः गुरुत्वाकर्षण थांबवतं, त्यामुळे व्यास ऊर्जेच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढतो: ऊर्जा सोळापट, तर व्यास दुप्पट. ओल्या रेतीत जमिनीची मजबुतीच आधी आड येते आणि हा हिशेब कोलमडतो. खऱ्या ग्रहांवरही लहान विवरांत मजबुतीचं वजन जास्त, मोठ्यांत गुरुत्वाचं. (लोणारशी थेट तुलना मात्र करू नये. तिथे धडक सेकंदाला काही किलोमीटर वेगाची; आघातलहरीने खडक चिरडतो, वितळतो. आमचा गोळा शाबूत निघतो.)

गोळा चुंबकाने उचलला की भिंती ढासळतात आणि काळे कणही त्याला चिकटून येतात. म्हणून व्यास आधी, तोही तिरप्या उजेडात फोटो काढून; कॅलिपरचे जबडे लावले की काठ पडतो. रेती आता गोड्या पाण्यात तीनदा धुतो, भाजतो, गरम असतानाच डब्यात भरतो. ट्रेमधली दहा मोजमापं वहीत वेगळ्या पानावर ठेवली आहेत, खोडलेली नाहीत.