रेसिमिक, आणि मे महिन्यातली माझी फजिती

माझ्याकडे बारावीची मुलं केमिस्ट्रीला येतात. परवाच्या टेस्टमध्ये एकाने लिहिलं होतं, 'रेसिमिक म्हणजे ज्याचं रोटेशन शून्य असते ते.' मी अर्धा मार्क कापला. तो वर्ग सुटल्यावर थांबलाच. "काहून मॅडम? शून्यच तर असते ना."

असतं. पण पाण्याचंही रोटेशन, म्हणजे एकाच प्रतलात कंपणाऱ्या प्रकाशाला वळवण्याचा कोन, शून्य असतं. मेसो टार्टारिक आम्लाचंही शून्यच, आणि तिथे रेणू एकाच जातीचा; त्याचा एक अर्धा भाग दुसऱ्याचं वळण खोडतो. रेसिमिकमध्ये रेणू दोन जातींचे लागतात, एकमेकांचे आरशातले, डाव्या-उजव्या चपलेसारखे, आणि दोन्ही अगदी निम्मे-निम्मे. साठ-चाळीस असतील तर ते नुसतं मिश्रण. सर्दीला घेतो ती साधी सेट्रिझीन रेसिमिक आहे. त्यातली एकच बाजू वेगळी काढली की तिची लिव्होसेट्रिझीन होते. हे सांगितलं तेव्हा कुठे तो हलला. अर्धा मार्क मात्र दिला नाही.

शब्दाचं मूळ मला फार आवडतं. लॅटिनमध्ये रासेमुस म्हणजे द्राक्षांचा घोस. वाइनच्या पिंपांत जमणाऱ्या खरपुड्यांपासून टार्टारिक आम्ल काढताना एक वेगळंच आम्ल हाती लागलं, त्याला द्राक्षांवरून रेसिमिक ॲसिड म्हणू लागले. बायोलॉजीवाल्यांचा 'रेसिम' फुलोरा त्याच घरातला. एप्रिल-मेमध्ये नागपुरात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात ना, तो रेसिम. (आपल्या चिंचेतलं टार्टारिक आम्ल मात्र एकाच हाताचं असतं.)

१८४८ साली पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने पॅरिसमध्ये या आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरले. काहींचा तिरका छाट उजवीकडे, काहींचा डावीकडे. त्याने चिमट्याने दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याच्या द्रावणाने डावीकडे.

एमएस्सीला असताना हे आपणही करायचं असं माझ्या डोक्यात शिरलं. 'डीएल', म्हणजे दोन्ही जाती निम्म्या-निम्म्या, असं लिहिलेली टार्टारिक आम्लाची बाटली मिळवली (साधं टार्टारिक चालत नाही), अर्ध्यात सोडा, अर्ध्यात अमोनिया, दोन्ही एकत्र करून बीकर खिडकीत ठेवला. महिना मे. बाहेर पंचेचाळीस, लॅबचा कूलर बंद. पाणी भराभर आटलं, स्फटिकही आले. दिवसभर भिंग डोळ्याला लावून बसले आणि लाज वाटते सांगायला, मी दोन ढीग केलेसुद्धा! जिथे छाट नव्हता तिथे मला दिसत होता. पोलॅरिमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशाचं वळण मोजणाऱ्या यंत्रात, दोन्ही ढीग शून्य.

कारण पुढे वाचनात आलं. हा क्षार साधारण २७ अंशांच्या खालीच डावा-उजवा असा वेगळा स्फटिकतो. त्याच्या वर गेलं की दोन्ही जाती एकाच स्फटिकात जोडीने बसतात. मग भिंग काय आणि चिमटा काय. पाश्चरला पॅरिसचा गारवा फुकट मिळाला होता. नागपूरच्या मे महिन्यात जन्मभर चिमटा चालवला असता तरी हाती काही लागलं नसतं.

दोन वर्षांमागे डिसेंबरात, थंडी कडाक्याची पडली तेव्हा, घरच्या गच्चीवर पुन्हा केलं. चार रात्री बीकरला हात लावला नाही. पाचव्या सकाळी तळाशी गव्हाच्या दाण्याएवढे स्वच्छ स्फटिक, आणि कोपऱ्यावर तो छाट, नखाच्या कडेइतका बारीक. या वेळी मात्र बघावा लागला नाही, दिसला. आईने वाटीत डोकावून विचारलं, "खडीसाखर कधी केलीस?"

दोन्ही ढीग आता दोन छोट्या बाटल्यांत आहेत, 'डा' आणि 'उ' लिहून. यंदा बहावा फुलला की पोरांसमोर भर उन्हाळ्यात पुन्हा बीकर लावणार आहे आणि चिमटा त्या अर्ध्या मार्कवाल्याच्या हाती देणार आहे. दोन ढीग करतो का, बघायचंय.