मोरचूद टाकलेला पाझर तलाव

मे महिन्यात पाझर तलावातले मासे मेले की अहवालात लिहायचे वाक्य ठरलेले असते : ‘पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी झाल्याने मरतूक.’ बहुतेक वेळा ते खरेही असते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तलावावरचा माझा दिवस मात्र त्या वाक्यात अजूनही बसत नाही.

मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी मला दाखवायला सर्वांत मोठा मेलेला कटला रात्रभर बर्फात जपून ठेवला होता. त्यांची कळकळ खरी होती, पण तपासणीला तो मासा निरुपयोगी होता. उन्हाळ्यात मेलेल्या माशाचे यकृत इतक्या झपाट्याने विरघळू लागते की रोग कोणता आणि कुजणे कोणते, हे सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखता येत नाही. मला तोल गेलेला, पण कल्ले हलत असलेला मासा हवा असतो. असे चार रोहू हाती लागले ते दुपारी तीन वाजता, आणि शंका तिथेच आली. प्राणवायू संपून होणारी मरतूक पहाटेची असते. आता मीटर पाण्यातला प्राणवायू लिटरला ६ मिलिग्रॅम, म्हणजे पुरेसा, दाखवत होता, तरी मासे उलटे पडतच होते.

काठाला वाऱ्याने लोटलेली हिरवी साय जमली होती. बाटलीत पाणी भरून ठेवले, तर काही वेळात सगळा हिरवा रंग वर आला आणि खाली पाणी नितळ राहिले. मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालाच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, म्हणून ते असे तरंगते.

रोहूचे यकृत एका गोळ्यात नसते, आतड्यांच्या वळणांतून पसरलेले असते. चारही माशांत ते सुजून काळपट पडले होते, त्यावर रक्ताचे ठिपके होते आणि चिमट्याने उचलताच ते भुसभुशीत होऊन तुटत होते. तुकडे लगेच फॉर्मालिनमध्ये टाकून, तलावात काही टाकले होते का, हे मी दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा एक वयस्क सभासद म्हणाले, “साहेब, परवा मोरचूद टाकला होता. पाणी निवळेल असं दुकानदार म्हणाला.”

शैवालाची पेशी जिवंत असते तोवर मायक्रोसिस्टिन हे विष बहुतांशी तिच्या आतच राहते. मोरचुदातल्या तांब्याने पेशी फुटतात, विष एकदम पाण्यात उतरते आणि माशाच्या यकृतात शिरून तिथल्या पेशींचा आतला सांगाडाच मोडते. शिवाय मेलेले शैवाल कुजताना प्राणवायूही खाते. म्हणजे इथे दोन्ही कारणे एकाच पोत्यातून आली होती, पण आमच्या छापील नमुन्यात कारणासाठी रकाना एकच आहे आणि विषाची तपासणी जिल्ह्यात होत नाही. ज्या कामावर गावाची कमाई अवलंबून आहे, ते अशा नमुन्यावर चालावे याचा मला मनापासून राग येतो.

अध्यक्षांनी विचारले, “जे जिवंत आहेत ते विकू का?” मी नको म्हणालो. हे विष यकृतात आणि आतड्यात सर्वाधिक साठते, मांसात कमी, पण शिजवून ते नष्ट होत नाही. ते म्हणाले, “मग तसं लेखी द्या, साहेब. वर्षाची कमाई आहे ही.” माझ्याकडे तपासणीचा आकडा नव्हता, म्हणून मी लेखी दिले नाही. संध्याकाळी बर्फाच्या क्रेट भरलेला टेम्पो बाजाराकडे गेला.

यकृताच्या पेशी एकमेकींपासून सुटून रक्तात विखुरलेल्या मला स्लाइडवर दिसल्या, त्या दहा दिवसांनी.