पर्पेतुआचा बाप
ईस्टरच्या नाटकात यंदा मला बापाचं काम मिळालं, म्हणजे रोमन काळात ख्रिस्ती धर्मासाठी जीव दिलेल्या पर्पेतुआच्या बापाचं. आधी मी नाराजच होतो, कारण मला रोमन सैनिक पाहिजे होता, तलवार वगैरे. टोगा म्हणून अंगावर काय टाकायचं तर सोलापूरची चादर, घरचीच आहे ना! मार्चच्या उकाड्यात जाड चादर गुंडाळून दोन तास उभं राहून बघा एकदा, सिंहाची गरज पडत नाही.

सिंहावरनं पण वाद झाला. आपल्याकडं ख्रिस्ती लोकांचा छळ म्हटलं की रोम, बादशहा नीरो आणि अंगावर सोडलेले सिंह, एवढंच डोक्यात असतं. पण नीरोचं प्रकरण इ.स. ६४ चं, रोमच्या आगीनंतरचं, आणि ही गोष्ट २०३ ची, कार्थेजची, म्हणजे आजच्या ट्युनिशियातली. आणि ह्या गोष्टीतल्या बायकांवर सोडली ती रानटी गाय. आता स्टेजवर गाय आणली तर पब्लिक हसणार, म्हणून शेवटी नुसता पडद्यामागून आवाज ठेवला.

पर्पेतुआ बावीसेक वर्षांची, चांगल्या घरची, अंगावर पिणारं पोर. सोबत फेलिसिटी, गुलाम, आठ महिन्यांची गरोदर, ती तुरुंगातच बाळंत झाली. तुरुंगातलं पर्पेतुआनं स्वतः लिहून ठेवलंय, त्यामुळं बापाचं सगळं तिच्याच शब्दात सापडतं. धर्म सोड म्हणून समजवायला बाप पहिल्यांदा आला तेव्हा तिनं तिथलं भांडं दाखवून विचारलं, ह्याला भांड्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल का, नाही ना, मग मी पण ख्रिस्ती सोडून दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. तेव्हा तो नुसता चिडला. पुढच्या वेळी मात्र तिचे हात धरून रडला, पाया पडला, 'पोरी' म्हणायचं सोडून 'बाईसाहेब' म्हणायला लागला. आणि शेवटी तर स्वतःची दाढी उपटून जमिनीवर टाकायला लागला.

हे 'बाईसाहेब' मला जमतच नव्हतं. प्रॅक्टिसला तिथं आलो की आवाजच जायचा, मित्र म्हणायचा, काय खरंच रडायलास बे. माझी पोरगी बारावीला आहे, त्याला काय सांगणार.

पाळकसाहेबांनी प्रॅक्टिसला सांगितलं, धर्मासाठी जीव देणाऱ्याला आपण रक्तसाक्षी म्हणतो, त्याचा मूळ ग्रीक शब्द साक्षीदार असा आहे. आपण सोलापूरकर लहानपणापासून हुतात्मा शब्द ऐकत मोठे झालो, १९३१ ला फाशी गेलेले चौघं, त्यांच्या नावाचा चौक, पुण्याला जायची गाडीसुद्धा हुतात्मा. पण त्या चौघांच्या घरच्यांचा विचार मी ह्या नाटकापर्यंत कधी केला नव्हता, खोटं कशाला बोलू.

प्रयोगाच्या दिवशी माझी चिकटवलेली दाढी घामानं आधीच सुटली, उपटायला काही राहिलंच नाही, नुसती हनुवटी चोळली. आणि खरा घोळ शेवटच्या सीनला. गायीनं फेकल्यावर पर्पेतुआ पिन मागून विस्कटलेले केस बांधते, कारण मोकळे केस म्हणजे दुखवटा आणि तिला दुखवट्यात जायचं नव्हतं. पिनाच विसरलेल्या! विंगेत सगळे खिसे चाचपायला लागले. शेवटी माझ्या आईनं पहिल्या रांगेतून उठून पदराची सेफ्टी पिन काढली आणि सरळ पर्पेतुआच्या हातात दिली.