तुम्ही विचारलंत म्हणून: ताकद आहे ना, मग तोल का जातो?

“हातापायांत ताकद तर आहे, मग तोल का जातो? जरा मनावर घ्या की!” शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, फिजिओथेरपीला आलेली अनोळखी माणसंही विचारतात. म्हणून एकदा नीट लिहिते. मला एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) नावाचा, लहान मेंदू हळूहळू झिजवणारा आजार आहे.

ताकद आहे. भरलेली कळशी मी आजही उचलते. ओट्यावर ठेवताना ती आपटते. कारण बिघाड स्नायूंत नाहीच, कवटीच्या मागच्या बाजूला, खाली असलेल्या लहान मेंदूत आहे. आकारानं तो सगळ्या मेंदूचा दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज त्याच्यात. हात हलव, हा हुकूम मोठ्या मेंदूचा. किती जोरानं, कुठवर, थांबायचं कुठे, हे लहान मेंदू जुळवतो. त्याचा मधला पट्टा धड आणि चाल सांभाळतो, दोन बाजूंचे गोलार्ध आपापल्या बाजूच्या हातापायांचा नेमकेपणा. फ्लूरांस या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पक्ष्यांचा लहान मेंदू काढला होता. पक्षी लुळे पडले नाहीत, हालचालींतला मेळ तेवढा गेला. माझ्या लहान मेंदूतल्या, हा मेळ साधणाऱ्या पुर्किंजे नावाच्या चेतापेशी मरत चालल्या आहेत. त्या मी मनावर घेऊन परत येणार आहेत का?

आणि मनावर घेतलं नाही असं कोण म्हणतं? त्या भाऊबीजेला घेतलं होतं. तबक व्यवस्थित धरलं. अनामिकेला कुंकू लावून हात दादाच्या कपाळाकडे नेला, निघताना तो सरळ होता. कपाळ जवळ येत गेलं तशी थरथर वाढत गेली. हे या आजाराचं लक्षणच आहे: मांडीवर ठेवलेला हात शांत असतो, नेमक्या जागी पोचायची वेळ आली की हेलकावे खातो. मी दात आवळले, श्वास रोखला. बोट भुवईवर गेलं, तिथून पापणीवर. दादा हलला नाही, डोळे मिटून बसून राहिला. घरातल्याच एकीनं माझ्या हातून तबक काढून घेतलं. “असू दे, पोरगी लावेल. तू धड खात नाहीस, म्हणून होतं हे.” डॉक्टर नाकाला बोट लावायला सांगतात, तीच ही परीक्षा. दवाखान्यात चुकलं तर ते कागदावर लिहून घेतात. इथे सगळं घर बघत होतं, पुतण्यांसकट. मला आजही त्या तबकाचा राग येतो.

वडिलांची चालही अशीच होती. गावानं त्यांना दारुडा ठरवलं. ते थेंबालाही शिवले नव्हते. दारूचा मारही लहान मेंदूवर बसतो, म्हणून चाल तशी दिसते, एवढंच. आमचा आजार एससीए-२, जनुकातून आलेला. आईवडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

म्हणजे दादालाही. तो तपासणी करत नाही. पूर्वी मी त्याच्याशी भांडायचे: कळलं तर तयारी करता येईल. आता माझं मलाच विचारते, कसली तयारी? हा आजार थांबवणारं औषध नाही. पण त्याच्या मुलांचं काय? त्यांची लग्नं व्हायची आहेत. मागच्या आठवड्यात फोनवर पुन्हा हाच विषय निघाला. त्यानं फोन ठेवला नाही, तपासणीला होही म्हणाला नाही.