चर्चमध्ये आम्ही आलो तर चालेल का?

डिसेंबर लागला की इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या शेजारणी हे विचारतातच. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी. एकीनं तर संक्रांतीच्या हळदीकुंकवातच पुढच्या नाताळाचं नक्की करून टाकलं. "काकू, आम्ही आलो तर चालेल का? बसायचं कुठं? चपला काढायच्या? आणि तो प्रसाद देतात, तो घ्यायचा का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे चपला पायातच असतात. उपासना हिंदीत. गाणी येत नसतील तर नुसते ओठ हलवा, आमचेही निम्मे लोक तेच करतात. तुम्ही ज्याला प्रसाद म्हणता ते प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस. ते बाप्तिस्मा झालेल्यांनी घ्यायचं असतं. लोक पुढे जातील, तुम्ही जागेवर बसून राहा. हे सांगताना मला दर वेळी अवघडायला होतं. एकीकडे या म्हणायचं आणि ताटापाशी थांबवायचं! त्यामागची कारणं मला पटतात, तरी होतंच. पण तुम्ही मला कुंकू न लावता वाण आठवणीनं देता ना, तसं काहीसं समजा. केक सगळ्यांना असतो.

"बाटवणार तर नाही ना?" हेही कुणीतरी हसत हसत विचारतं. अहो, ख्रिस्ती घरात जन्मून मला त्रेसष्ट वर्षं झाली, तरी मी पुरती ख्रिस्ती झाले की नाही याची शंका आहे. का, ते पुढे येईलच.

आधी पणजीचं सांगते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. पंडिता रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा अशा शेकडो जणींना पुणे भागात घेऊन आल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, तेव्हा भूक म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या मुलींत आठ-नऊ वर्षांची माझी पणजी होती. मराठीचा म येत नव्हता, आडनाव आठवत नव्हतं. केडगावच्या मुक्तीत, म्हणजे रमाबाईंच्या आश्रमात, ती वाढली, तिथंच मराठी शिकली, नगरच्या एका ख्रिस्ती घरात पडली. आजोबा पुढे मिलच्या नोकरीसाठी इंदूरला आले. "ख्रिस्ती असून मराठी कशा हो?" या तुमच्या दुसऱ्या लाडक्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. कुणीतरी एका परक्या पोरीला घरात घेतलं, म्हणून आम्ही मराठी. कृपा हा शब्द मला पणजीवरून कळतो: ज्यावर आपला काडीचाही हक्क नाही, ते पानात पडणं.

आता माझी गोष्ट. चार-पाच पावसाळ्यांपूर्वीचा रविवार. मला पोचायला उशीर झाला होता. पंख्याखालचं तिसरं बाक आमचं, वडील असल्यापासूनचं. नाव लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक. त्यावर एक अनोळखी बाई बसल्या बसल्या झोपलेली. मांडीवर स्टीलचा डबा, मनगटाला दवाखान्यातल्या पासाचा दोरा गुंडाळलेला, साडीचा काठ चिखलानं भरलेला. रात्रभर कुणाच्या तरी उशाशी जागली असणार. मी तिच्या खांद्याला हात लावला आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "बहनजी, पीछे जगह है."

ती दचकून उठली. "माफ करना," म्हणाली. पण मागे बसलीच नाही, डबा सावरत सरळ बाहेर गेली.

मी बसले. बाक अजून गरम होतं.

वीस वर्षं मी संडे स्कूलच्या पोरांकडून बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय पाठ करून घेतला आहे. सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला पायाशी बसवता, हे काय चाललंय, असं याकोब विचारतो. तो मला तेव्हा आठवला असं म्हणायला बरं वाटेल, पण नाही आठवला. तो दिवस प्रभुभोजनाचा होता. पुढे जायला उठले आणि पाय निघेना. तुझ्याविषयी कुणाच्या मनात काही असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभूनं सांगितलं आहे. मी उलट वळले आणि बाहेर आले. फाटकापाशी पाहिलं, रस्ता ओलांडून पोहेवाल्याला विचारलं. "कौन सी बाई, आंटी? यहाँ तो दिन भर आती हैं," तो म्हणाला. भिजून परत आले तोवर शेवटचं गाणं सुरू झालं होतं.

पाळकसाहेबांना नंतर सगळं सांगितलं. त्यांनी ना समजूत काढली ना रागावले. "पुढच्या रविवारी दाराशी उभं राहायला माणूस हवंय," एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी दाराशी असते आणि शेवटच्या बाकावर बसते. तिथं पंखा नाही, मे महिन्यात जीव जातो, आणि मी कुरकुरतेही.

तर या. नाताळाला गर्दी होते, अर्धा तास आधी या. कुठं बसायचं विचारलंत ना? पंख्याखालचं तिसरं बाक.