तुम्ही विचारलंत म्हणून : जो बरा झाला नाही, त्याचा विश्वास कमी पडला का?

नागपुरातल्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, मी सभासद आहे आणि मंडळीच्या वतीने आजाऱ्यांना भेटायला जाण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे असेल, पण एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. येशूने आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना शुद्ध केले आणि त्यांतल्या काहींना तुझ्या विश्वासानेच तू बरा झालास असे सांगितले, हे तुम्ही लोक मानता. मग आजही विश्वासाने रोग बरे होतात का, आणि ज्यांचे होत नाहीत त्यांचा विश्वास कमी पडतो असे समजायचे का? प्रश्नाचा पहिला भाग शेजारीपाजारी विचारतात, कधी कुतूहलाने तर कधी गंमत म्हणून. दुसरा भाग बहुतेक वेळा ख्रिस्ती माणसेच विचारतात, आणि ती तो खाटेवरून विचारतात. वॉर्डात भेटीची वेळ संपत आलेली असते, त्यामुळे तिथे पुरते उत्तर देता येत नाही. ते इथे देते.

देव आजाऱ्याला बरे करू शकतो आणि कधीकधी करतो, असे मी मानते. पण विश्वास ही बरे होण्याची किंमत आहे आणि जो बरा झाला नाही त्याने ती पूर्ण भरली नाही, ही शिकवण मला शास्त्रात कुठेही सापडत नाही.

ती शिकवण निघते कुठून, हे मात्र आधी सांगायला हवे. बायबलात येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत, मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांची. त्यांतल्या मार्कच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली एक स्त्री गर्दीतून मागून येते, येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते, आणि येशू तिला म्हणतो की मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे. (तिने अनेक वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले, होते नव्हते ते खर्च केले आणि दुखणे वाढलेच, असा शेरा मार्क मारतो, लूक, जो स्वतः वैद्य होता असे परंपरा सांगते, तो दुखणे वाढल्याचा उल्लेख गाळतो.) चंगाई सभांमध्ये, म्हणजे प्रार्थनेने आजारी बरे करण्यासाठी भरवलेल्या सभांमध्ये, या एका वाक्यावर सारे गणित मांडले जाते: विश्वास असेल तर आरोग्य, आरोग्य नसेल तर विश्वास नाही. जोडीला नासरेथचा, येशूच्या स्वतःच्या गावचा, दाखला दिला जातो, कारण तिथे थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरे करण्यापलीकडे येशूला काही करता आले नाही आणि लोकांच्या अविश्वासाचे त्याला आश्चर्य वाटले, असे मार्कनेच पुढच्या अध्यायात लिहिले आहे. दोन्ही दाखले खरे आहेत, पण ते निवडून काढलेले आहेत.

त्याच मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघे जण उचलून आणतात, दारातून वाट मिळत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तिथे म्हटले आहे. बाजेवरचा माणूस अवाक्षर काढत नाही. योहानाच्या पाचव्या अध्यायातला बेथेस्दा तळ्याकाठचा माणूस 38 वर्षे आजारी आहे. तुला बरे व्हायचे आहे का, असे विचारल्यावर तो सरळ हो म्हणत नाही, मला पाण्यात सोडायला कोणी नाही अशी तक्रार सांगतो, आणि बरा होऊन चालू लागल्यावरही आपल्याला बरे करणारा कोण, हे त्याला ठाऊक नसते. येशूला धरायला आलेल्या जमावातल्या एका दासाचा कान तलवारीने छाटला जातो आणि येशू त्या कानाला स्पर्श करून तो बरा करतो. त्या दासाचा विश्वास कोणी मोजला होता?

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती मार्कच्या नवव्या अध्यायातल्या बापाची गोष्ट. त्याच्या मुलाला लहानपणापासून झटके येतात, तो कधी विस्तवात पडतो तर कधी पाण्यात. बापाने त्याला आधी शिष्यांकडे आणलेले असते आणि त्यांच्याकडून काही झालेले नसते. आपल्याला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा, असे तो येशूला म्हणतो, आणि येशू त्याच्या त्या ‘असेल तर’वर बोट ठेवतो तेव्हा तो ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत करा. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या कबुलीवर मुलगा बरा होतो. नंतर शिष्य एकांतात विचारतात की आम्हाला का जमले नाही, तेव्हा मत्तयाच्या वृत्तांतात येशू त्यांना तुमच्या अल्पविश्वासामुळे असे उत्तर देतो. म्हणजे बोल लागला तो बरे करायला निघालेल्यांना. मुलाला नाही आणि बापालाही नाही. चंगाई सभेतल्या कोणा उपदेशकाने हा भाग स्वतःला लावून घेतल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

बायबलातल्या याकोबाच्या पत्रातही तसेच आहे. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिची जबाबदारी वाहणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, असे पाचव्या अध्यायात सांगितले आहे. प्रार्थना वडिलांनी करायची आहे, म्हणजे विश्वासाचा भार त्यांच्यावर आहे. आजाऱ्याने बोलावणे पाठवायचे, एवढेच.

जे बरे झाले नाहीत तेही शास्त्रात आहेत. आपल्या शरीरात एक काटा आहे, असे प्रेषित पौल आपल्या पत्रात लिहितो; तो काटा काय होता याचे अनेक तर्क आहेत. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढेच उत्तर त्याला मिळाले. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला वारंवार दुखणी येत, तर पौल त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असे लिहितो. विश्वास वाढव असे लिहीत नाही. त्रफिम या सोबत्याला त्याने मिलेत या शहरात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोगी बरे होत, असे प्रेषितांची कृत्ये सांगते, त्या माणसाची ही पत्रे आहेत.

मग विश्वासाचे काम काय उरते, असे कोणी विचारेल. या गोष्टींतून मला दिसतो तो विश्वास म्हणजे मागायला कोणाकडे तरी वळणे. बरे करण्याची शक्ती त्या वळण्यात नसते, ज्याच्याकडे वळतो त्याच्याकडे असते. नागपूरच्या उन्हाळ्यात नळाखाली धरलेली ओंजळ पाणी घेण्यासाठी लागतेच. पण ओंजळ मोठी केली म्हणून पाणी लवकर येत नाही, आणि पाणी आले नाही तर ओंजळीला कोणी दोष देत नाही.

ही चर्चा शास्त्रापुरतीच असती तर मी एवढे लिहिले नसते. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या एका वॉर्डात मी कॅन्सरच्या शेवटच्या अवस्थेतल्या एका बाईंना भेटायला जात असे. त्यांच्या उशीखाली तेलाची लहान बाटली होती आणि एक शाळकरी वही. मी बरी झाले आहे, हे वाक्य रोज पानभर लिहायचे आणि दुखते हा शब्द तोंडातून काढायचा नाही, कारण तो काढला की विश्वास मोडतो, असे त्यांना एका उपदेशकाने बजावले होते. राऊंडला आलेल्या सिस्टरने बाई, दुखते का, असे विचारले की त्या मान हलवून नाही म्हणत आणि चादरीखाली मूठ आवळून धरत. सिस्टरने विचारले नसते तर त्यांना तेवढा खोटेपणाही करावा लागला नसता, असे त्या मला एकदा म्हणाल्या. मी त्यांना बायबलातले बावीसावे स्तोत्र वाचून दाखवले, जे माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास अशा आक्रोशाने सुरू होते आणि जे येशूने वधस्तंभावर उच्चारले. त्याने दुखते म्हटले तर चालते, मग तुम्ही म्हटले तर का चालू नये, असे विचारले. त्या दिवशी त्यांनी सिस्टरला खरे सांगितले आणि वेदना कमी करणारे इंजेक्शन घेतले. पुढे त्या गेल्या, तेव्हा मातीला आलेल्यांपैकी एकाने त्यांच्या नवऱ्याला ऐकवले की शेवटी इंजेक्शन घेतले, तिथेच विश्वास ढळला. त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे तेव्हा मला पाहवले नाही.

याच्या अगदी उलट शिस्त कॅथलिक मंडळीत दिसते. आम्ही प्रोटेस्टंट लोक संतांच्या मध्यस्थीबद्दल त्यांच्याशी सहमत नसलो, तरी ती शिस्त मला मोलाची वाटते. फ्रान्समधल्या लूर्द येथे 1858 साली बर्नादेत सुबिरू या मुलीला मरियेचे दर्शन झाले असे मानले जाते आणि तेव्हापासून तिथे कोट्यवधी यात्रेकरू गेले आहेत, त्यांत पुष्कळ आजारीही. बरे झाल्याच्या हजारो नोंदी तिथल्या वैद्यकीय कार्यालयात आहेत, पण धर्माधिकाऱ्यांनी चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना आजवर सत्तरच्या आसपासच आहेत. रोग गंभीर होता का, निदान पक्के होते का, बरे होणे अचानक, संपूर्ण आणि टिकाऊ होते का, उपचारांनी त्याचा उलगडा होतो का, हे डॉक्टर आधी पाहतात. रोग्याचा विश्वास किती होता, हे त्या तपासणीचे मोजमाप नाही. आणि स्वतः बर्नादेत 1879 साली, वयाच्या 35 व्या वर्षी, क्षयाने वारली. तिचा विश्वास कमी पडला असे कॅथलिक मंडळीला वाटले नाही. तिला संत ठरवण्यात आले.

आमच्या कॉलनीतले एक निवृत्त प्राध्यापक मला नेहमी विज्ञानाचा हवाला देतात, आणि तो द्यायलाच हवा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या हर्बर्ट बेन्सन या अमेरिकन डॉक्टरांच्या अभ्यासात हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांचे तीन गट केले होते. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्या दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे 52 आणि 51 टक्के निघाले; आणि आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात ते 59 टक्के होते. सर सांगतात की यातून प्रार्थना निकामी ठरते. देवाला तीन गटांत वाटून त्याची परीक्षा घेता येते असे मला वाटत नाही, पण तो तिसरा आकडा मी विसरत नाही. तो योगायोग असू शकतो, असे अभ्यासकांनीही म्हटले होते. तरी माझ्यासाठी एवढे लोक प्रार्थना करतात, आता मला बरे झालेच पाहिजे, या दडपणाखाली झोप न लागलेली माणसे मी पाहिली आहेत.

हे शहर या प्रश्नाकडे अनेक अंगांनी पाहते. ताजबागेत बाबा ताजुद्दीनांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे आजारी येतात, आणि चमत्काराच्या दाव्यांना उघड आव्हान देणारी श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीही इथलीच. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे नाव काढले की आमच्यातले काही जण अस्वस्थ होतात. तो कायदा प्रार्थनेला आणि उपासनेला हात लावत नाही. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र करणे मात्र तो गुन्हा ठरवतो. शेतात साप निघणाऱ्या विदर्भात यावर ख्रिस्ती माणसाने कुरकुर करण्याचे काही कारण नाही.

कारण बरे करण्याच्या त्याच गोष्टी वाचून आमच्या पूर्वीच्या लोकांनी इथे दवाखाने उभारले. सीताबर्डीतले म्युर मेमोरियल हॉस्पिटल मिशनने उभारलेले आहे. परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय आहे. येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला, एवढे वाचून तिथल्या परिचारिकांनी जखमा धुतल्या, आणि बहुविध औषधोपचार आल्यावर गोळ्या वाटल्या. रोगी गोळ्यांनी बरे झाले म्हणून त्यात देवाचा हात नव्हता, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे मला माहीत नाही.

आमच्या मंडळीत आजही वडील तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मीही करते, आणि बरे कर असेच स्पष्ट मागते. होईल ते होवो अशी पळवाट सुरुवातीलाच ठेवत नाही. काही वेळा डॉक्टरांनी आशा सोडलेले माणूस उठून घरी आलेले मी पाहिले आहे आणि तेव्हा आभार मानताना मला संकोच वाटला नाही. पण रविवारी साक्ष देण्याची वेळ येते तेव्हा बरा झालेलाच उभा राहतो असे नाही. डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ उभे राहतात, आठवड्याचा हिशेब सांगतात आणि बसतात, आणि पाळक त्यांच्यासाठीही तेच उपकारस्तुतीचे गीत सांगतात.

चंगाई सभेला जाऊ का, असे कोणी विचारले तर मी जाऊ नका म्हणत नाही. गोळ्या सोबत ठेवा, व्यासपीठावरून कोणी इन्सुलिन बंद करायला सांगितले तर ऐकू नका, आणि बरे वाटू लागले तर आधी तपासणी करून घ्या, एवढे सांगते. तपासणी करणे म्हणजे देवावर संशय घेणे, असे काहींना वाटते, त्यांना मी मार्कचा पहिला अध्याय उघडून देते. कुष्ठरोग्याला बरे केल्यावर येशूने त्यालाही आधी याजकाकडे, म्हणजे यहूदी पुरोहिताकडे, जाऊन स्वतःला दाखव असे सांगितले होते, आणि जुन्या करारातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे याजकाने त्याला नीट पाहून, चट्टा खरोखर गेला आहे अशी खात्री करून, मगच शुद्ध ठरवायचे असे.