उन्हाळी शिबिरात मुलांची सेंद्रिय बाग: माझा अनुभव

बागकामाचं शिबिर दहा-बारा दिवसांचं असतं आणि सगळ्यात झटपट येणारा मुळाही काढणीला जवळपास चार आठवडे घेतो. टोमॅटोचं बी तर नुसतं रुजायलाच आठवडा खातं. त्यामुळे खरं शिबिर मुलं यायच्या महिनाभर आधीच सुरू होतं. ती तयारी नसेल तर मुलं ओली माती बघून घरी जातात.

आम्ही एकच पीक वेगवेगळ्या वयाचं ठेवतो. मुळा आणि पालक एका वाफ्यात महिनाभर आधी पेरायचे, दुसऱ्यात पंधरा दिवस आधी, आणि तिसरा वाफा मुलांसाठी रिकामा ठेवायचा. टोमॅटो, वांगी, झेंडू यांची रोपं चार-पाच आठवडे आधी ट्रेमध्ये. मुलांच्या हातून पेरायला मेथी आणि चवळी उत्तम: मेथी दोन-तीन दिवसांत वर येते, चवळी चार-पाच दिवसांत. गाजर टाळावं. ते रुजायला दोन आठवडेही लावतं आणि तोवर मुलांचा धीर सुटतो.

कंपोस्टचंही तसंच. एक ढीग आजचा, एक महिन्याभराचा, एक तयार झालेला. दोन ते तीन भाग सुका पाला, एक भाग ओला कचरा, हे माप बादलीनं मोजून मुलांकडूनच थर लावून घ्यावेत. मूठभर माल घट्ट पिळला की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर सुका पाला वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. कुजका वास आला म्हणजे ओलं जास्त आणि हवा कमी. ढीग साधारण तीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून लहान असेल तर नीट तापत नाही. तापलेल्या ढिगात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढा. आतलं तापमान साठ अंशांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून सळईला आधी मोठ्यांनी हात लावून बघायचा, मग मुलांनी. ‘आत शेकोटी कुणी पेटवली?’ हा प्रश्न हमखास येतो आणि सूक्ष्मजीवांचा धडा तिथूनच सुरू करता येतो.

मोठ्यांसाठी वाफा चार फूट रुंद चालतो, पण मुलांचा हात तेवढा पोचत नाही आणि ती सरळ आत पाय टाकून माती दाबतात. दोन ते अडीच फूट पुरे, आणि एका वाफ्यावर चार-पाच मुलं. माती खणायची ती वाफशावर, म्हणजे ओल असेल पण चिखल नसेल तेव्हा. चिखल असताना खणली तर ढेकळं वाळून दगड होतात. वरच्या चार-पाच इंचांत पूर्ण कुजलेलं खत मिसळायचं. कच्चं शेणखत मुलांच्या हातात देऊच नये: त्यात रोगजंतू असतात आणि कोवळी मुळंही त्यानं करपतात.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, हा नियम सांगून उपयोग होत नाही, कारण बोट घातलं की ते दोन पेरं आत जातं. पेन्सिलीवर मेथीसाठी एक सेंटिमीटरवर आणि चवळीसाठी अडीच सेंटिमीटरवर रंगीत खूण करून द्या. दुसरी खोड म्हणजे रोज बी उकरून बघणं. त्यावर उपाय काचेचा ग्लास: आत ओला कागद आणि कागद व काच यांच्यामध्ये चवळी. मूळ खाली, कोंब वर, सगळं दिसतं आणि वाफ्याला हात लागत नाही.

रोपं सगळ्यात जास्त मरतात ती पाण्यानं. प्रत्येक मुलाला झारी हवी असते, म्हणून एका वाफ्याला दिवसाकाठी पाच वेळा पाणी पडतं. मग कोवळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. ही बुरशी, आणि ती आली की रोप वाचत नाही. वाफ्यावर त्या दिवसाचा ‘पाणीवाला’ ठरवून टाका. त्यानं आधी मातीत बोट घालायचं, एक पेर कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. दोन इंच सुक्या पाल्याचं आच्छादन केलं की उन्हाळ्यातही ओल टिकते. फक्त पाला खोडाला चिकटू देऊ नये.

किडी दाखवताना सुरुवात ढालकिड्याच्या (लेडीबर्ड) अळीपासून करावी. ती काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची दिसते. मुलं तीच आधी चिरडतात आणि मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, तसाच राहतो. खरं तर ती अळी मावा खाते. मावा फारच झाला तर पानाच्या मागच्या बाजूला आधी साध्या पाण्याचा फवारा. तरीही राहिला तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं द्रव साबण, ऊन उतरल्यावर, तेही मोठ्यांनीच. भर उन्हात मारलं तर पानं करपतात.

घरी न्यायला टोमॅटोचं रोप देतो, पण ट्रेमधून काढून शेवटच्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधी कुंडीत लावून आणि सावलीत ठेवून. वाटेत हेलकावे बसले तरी मग मुळं सुटत नाहीत. मान टाकलेलं रोप दिसलं की घरी पाण्याचा मारा होतो, म्हणून कुंडीवर चिठ्ठी चिकटवतो: ‘आधी बोट, मग पाणी.’